म्हैस उलटली, त्यात नदीचा हात किती?

शिरोळ तालुक्यात आमच्या मामाची म्हैस लागोपाठ तिसऱ्यांदा उलटली. घरी जनावरं नसलेल्यांसाठी सांगतो: माजावर आलेली म्हैस भरवली आणि गाभण न राहता साधारण २१ दिवसांनी ती परत माजावर आली, की ‘उलटली’ म्हणतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. एवढ्या भांडवलावर गावाकडच्यांनी मला जनावरांचा बिनपगारी डॉक्टर करून टाकलंय, त्यामुळं फोन मलाच आला.

“काय गा, नदीच्या पाण्यानं तर हुईत नसंल ह्ये? पाणी बघितलंस का कसं आलंय? निस्तं काळं. बंधाऱ्याला मासं तरंगाय लागल्यात. मग म्हशीच्या पोटात काय हुईत न्हाई व्हय?”

मामाला जे सांगितलं तेच इथं आधी सांगून टाकतो: बहुतेक नाही. म्हैस उलटण्याची कारणं सहसा गोठ्यातच सापडतात. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. ती गाईसारखी हंबरून गल्ली गोळा करत नाही, आणि उन्हाळ्यात तर माज रात्रीत येऊन जातो. मग रेतनाची वेळ चुकते. कधी पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, संसर्ग असतो. कधी आहारात क्षार कमी पडतात, आणि इथं आपल्या ऊसपट्ट्याचा एक खास घोळ आहे. तोडणीच्या दिवसांत फुकट मिळतं म्हणून चार-पाच महिने जनावराला नुसतं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घालायचं. उसाच्या वाड्यात ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. तेव्हा डॉक्टरला बोलाव, पिशवी तपासून घे, वाडं कमी कर, खनिज मिश्रण सुरू कर, असं मी मामाला सांगितलं आणि फोन ठेवला.

पण प्रश्न काही खुळ्यासारखा नव्हता. म्हशीच्या जागी मामानं माशाचं विचारलं असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं.

पंचगंगेची ओळख कोल्हापूरकराला करून द्यायला नको. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती प्रयाग चिखलीला एकत्र येतात, आणि तिथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळेपर्यंत या नदीला शहराचं सांडपाणी, साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी आणि कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी भेटत जातं. देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय यादीत तिचं नाव आहे. मासे मेले की बातमी येते, अधिकारी येतात, पाण्याचे नमुने बाटलीत भरतात, पंचनामा होतो. मेलेल्या माशाचा पंचनामा करता येतो. जो मासा जगला, दिसायला धडधाकट आहे, पण ज्याच्या पोटात अंडीच तयार झाली नाहीत, त्याचा पंचनामा कोण आणि कसा करणार? हा लेख त्या दुसऱ्या माशाबद्दल आहे.

शरीरात संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, काम कसं करतात ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्याकडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा डोळ्यांसमोर आणा. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालायचे, पाणी अडतं. पाऊस तोंडावर आला की बरगे काढायचे. बरगे घालणारी माणसं बंधाऱ्यावर असतात, पण कधी घालायचे आणि कधी काढायचे हा निरोप पाटबंधारे खात्याकडून येतो. निरोप दोन शब्दांचा, त्यावर हलणारं पाणी मात्र अख्ख्या गावांचं. हार्मोन म्हणजे तो निरोप. रक्तातून येतो, ठरावीक पेशींना कळतो आणि पेशी कामाला लागते: अंडं पिकव, वीर्य तयार कर, पिशवीचं अस्तर जाड कर.

आता कुणीतरी खोटा निरोप धाडला तर? काही रसायनांची घडण स्त्री-हार्मोनशी, इस्ट्रोजेनशी, इतकी जुळती असते की पेशी फसते आणि ‘निरोप आला’ म्हणून कामाला लागते. काही रसायनं निरोप ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घालतात. पुरुष-हार्मोन शरीरात असतं, पण पेशीला ऐकूच जात नाही. आणि काही रसायनं निरोप लिहिणाऱ्या कारकुनालाच गाठतात, म्हणजे हार्मोन तयार करणाऱ्या किंवा मोडून टाकणाऱ्या विकरांमध्ये, म्हणजे एन्झाइममध्ये, ढवळाढवळ करतात. विष पेशी मारतं. इथं पेशी जिवंत राहते आणि चुकीचं काम इमानेइतबारे करते.

या बंधाऱ्याच्या दाखल्यात आणखी एक गोष्ट दडलीय. ‘बरगे काढा’ असा खोटा निरोप जुलैत आला तर कुणाचं काही बिघडत नाही, बरगे काढलेलेच असतात. तोच निरोप डिसेंबरात आला तर पुढचा सगळा उन्हाळा कोरडा. प्राण्यांतही तसंच. पूर्ण वाढलेल्या नराला थोडं इस्ट्रोजेन लागलं तर तो कदाचित सावरेल. अंड्यात किंवा गर्भात लिंग ठरत असतानाच्या त्या मोजक्या दिवसांत तेवढंच लागलं, तर झालेला बदल जन्मभर राहतो. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकडच्यांना ठाऊक आहे. मगरीच्या पिलाचं लिंग अंड्याला मिळणाऱ्या उबेवर ठरतं, अनेक कासवांचंही तसंच. अमेरिकेत संशोधकांनी कासवाची अंडी नर निपजतील अशाच तापमानाला ठेवली आणि कवचावर पीसीबी या औद्योगिक रसायनाच्या काही प्रकारांचा थेंब लावला. त्यातून माद्या बाहेर आल्या. पीसीबी म्हणजे एके काळी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात सर्रास असायचं ते.

मात्रेचाही हिशोब बघू, कारण ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे वाक्य यात सगळ्यात जास्त ऐकू येतं. कॅनडात ओंटारिओमध्ये संशोधनासाठीच राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० नंबरच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. मात्रा लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम. आपल्या भाषेत सांगायचं तर चिमूटभर, एक ग्रॅम पावडर घ्या. ती १०,००० लिटरच्या दुधाच्या टँकरमध्ये टाका. एका टँकरमध्ये नाही, २०,००० टँकरमध्ये सारखी वाटून टाका. तेवढी पातळ. तेवढ्यानं तिथल्या फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशांच्या नरांत मादीची प्रथिनं तयार व्हायला लागली, वृषणांची वाढ बिघडली, आणि काही वर्षांत त्या तळ्यातून तो मासा जवळपास नाहीसा झाला. एकही मासा पाण्यावर मरून तरंगला नाही. नवी पिल्लं येणं थांबलं, म्हातारी आपल्या वेळेला मेली, आणि तळं रिकामं झालं.

नरात मादीचं प्रथिन, याचा अर्थ काय? मादीच्या यकृतात व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनतं आणि रक्तातून अंड्यात जाऊन त्याचा बलक होतो. ते बनवायची कृती नराच्या जनुकांतही लिहिलेली असते. फक्त ‘बनव’ असा इस्ट्रोजेनचा निरोप त्याला कधी येत नाही, म्हणून तो बनवत नाही. तेव्हा नर माशाच्या रक्तात बलकाचं प्रथिन सापडलं, की खोटा निरोप पोहोचला हे पक्कं. इंग्लंडमध्ये नद्यांत मासे पकडणाऱ्या हौशी लोकांना अर्धे नर-अर्धे मादी असे विचित्र मासे दिसायला लागले होते. मग शास्त्रज्ञांनी ट्राउट मासे पिंजऱ्यात घालून मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या तोंडाशी नदीत ठेवले. त्यांच्या रक्तातलं हे प्रथिन ५०० पट ते १ लाख पट वाढलेलं निघालं. १९९८ मध्ये जॉन सम्प्टर, सुझन जॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी रोच नावाच्या रानटी माशांची तपासणी प्रसिद्ध केली. काही ठिकाणी तपासलेल्या एकूण एक नराच्या वृषणात मादीची लक्षणं होती. आणि हे सगळं शुद्ध केलेल्या पाण्यात, बरं का. आपण त्या केंद्रांकडं आशेनं बघतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या इंग्लिश नद्यांत बहुतेक ठिकाणी दोष माणसांच्या लघवीतल्या नैसर्गिक इस्ट्रोजेनचा आणि गोळ्यांतल्या कृत्रिम इस्ट्रोजेनचा निघाला. एक नदी मात्र वेगळी होती, यॉर्कशायरमधली एअर. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, आणि ही नदी खऱ्या मँचेस्टरच्या शेजारच्या कापडपट्ट्यातून वाहते. तिथं लोकर धुणाऱ्या गिरण्यांच्या पाण्यात नोनिलफेनॉल भरमसाट होतं. कापड किंवा लोकर धुताना तेलकटपणा काढायला जी साबणासारखी रसायनं वापरतात, त्यांच्या एका मोठ्या कुळापासून हे तयार होतं. गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की मूळ रसायन फारसा उपद्व्याप करत नाही. शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू ते अर्धवट मोडतात, आणि त्या मोडतोडीतून इस्ट्रोजेनची नक्कल करणारं नोनिलफेनॉल मोकळं होतं. यॉर्कशायरच्या गिरण्यांनी ती रसायनं कमी केल्यावर त्या नदीतल्या माशांवरचा परिणामही उतरला. पुढं युरोपनं २००३ मध्ये कायदा करून त्यांच्या वापरावर बंधनं आणली.

नोनिलफेनॉलचा हा स्वभाव मुळात अपघातानं कळला. अमेरिकेत बॉस्टनला ॲना सोटो आणि कार्लोस सोनेन्शाइन हे दोघे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी काचपात्रात वाढवत होते. इस्ट्रोजेन मिळालं तरच वाढणाऱ्या पेशी. एके दिवशी त्या इस्ट्रोजेन न घालताच भराभरा वाढायला लागल्या. प्रयोगशाळेत कुणाचा हात लागला, काय सांडलं, महिनोन्‌महिने शोधाशोध. शेवटी चोर निघाला प्लॅस्टिकच्या नळ्यांत. कंपनीनं प्लॅस्टिकचं मिश्रण बदललं होतं, त्यातून नोनिलफेनॉल झिरपत होतं. १९९१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. सात वर्षांनी असाच प्रकार पॅट्रिशिया हंट या संशोधिकेच्या उंदरांत झाला. पिंजरे चुकून फरशी पुसायच्या जालीम साबणानं धुतले गेले, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यांतून बिस्फेनॉल-ए हे इस्ट्रोजेनचीच नक्कल करणारं रसायन सुटलं, आणि उंदरिणींच्या अंड्यांतले गुणसूत्रांचे दोष १-२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. त्या उंदरिणी वरून दिसायला ठणठणीत होत्या.

आता आपल्या नदीकडं. आपल्याकडं पाण्याची नेहमीची तपासणी होते त्यात सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील ते), नायट्रेट, मैल्यातले जिवाणू असं मोजतात. हे मोजायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खोटे निरोप यातल्या कुठल्याच आकड्यात उतरत नाहीत. पाणी या सगळ्यांत ‘पास’ होऊन माशाच्या बाबतीत सपशेल नापास असू शकतं. दुसरी अडचण त्याहून अवघड आहे. २००२ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी इस्ट्रोजेनची नक्कल करणारी आठ रसायनं घेतली. प्रत्येकाची मात्रा इतकी कमी ठेवली की एकट्याचा परिणाम जाणवू नये. आठही एकत्र केल्यावर परिणाम ठसठशीत दिसला. म्हणजे नदीकाठच्या दहा जणांनी आपापली मर्यादा पाळली, दहाही जणांचे कागद स्वच्छ, तरी नदीची बेरीज चुकलेली असू शकते. कागद एकेकट्याचे तपासले जातात. मासा मात्र बेरजेत राहतो.

आणि पंचगंगेत मासे तरंगतात त्याचं नेहमीचं कारण तर एखादं अनोळखी रसायनही नसतं. मळीचं पाणी, मैलापाणी यांत साखर आणि सेंद्रिय माल भरपूर. जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासा गुदमरतो. इथपर्यंत वर्तमानपत्रं सांगतात. पण गुदमरून मेला नाही त्याचं काय? हाँगकाँगमध्ये रुडॉल्फ वू आणि सहकाऱ्यांनी सायप्रिनस, म्हणजे आपल्या तळ्यांत सोडतात तो कॉमन कार्प, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात काही आठवडे ठेवला. मरायचा नाही इतपतच कमी. त्याच्या हार्मोनांची घडी विस्कटली, वीर्याची प्रत घसरली, अंडी फळण्याचं आणि त्यातून पिल्लं निघण्याचं प्रमाण उतरलं. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. साध्या साखरेचं पाणी नदीत सोडलं तरी माशाच्या वंशावर घाव बसतो, हे या प्रयोगानंतर मला स्वतःला नव्यानं कळलं. तोवर मीही वर्गात ‘सेंद्रिय प्रदूषण त्यातल्या त्यात सौम्य’ असंच शिकवत होतो.

आता चढणीचे मासे आठवा. पहिला जोरदार पाऊस पडला, ओढे-नाले वाहायला लागले, की पोटात अंडी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, उथळ पाण्यात, भाताच्या खाचरात जाऊन अंडी घालतात. गावातली पोरं तेव्हा रात्री बॅटरी आणि पाट्या घेऊन ओढ्यावर असतात. माशाचं वर्षभराचं सगळं गणित त्या दोन-चार आठवड्यांत असतं. आणि उन्हाळाभर नाल्यांत, डबक्यांत, बंधाऱ्यामागं साचून राहिलेली घाण नदीत धुऊन येते तीही पहिल्या पावसातच. डिसेंबरातल्या त्या खोट्या निरोपाची वेळ ती हीच. पाण्याचा वर्षभराचा सरासरी आकडा कितीही बरा दिसो, मासा सरासरीत अंडी घालत नाही.

पाण्यातल्यांचं बरंच झालं, थोडं हवेतल्यांचं, पक्ष्यांचं. डीडीटीची गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे, पण तिथं ती एका तक्त्यात उरकतात: पाण्यात ०.०००००३ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मासे खाणाऱ्या पक्ष्यात २५, म्हणजे सुमारे ८० लाख पट. हे कसं होतं तर डीडीटी पाण्यापेक्षा चरबीत रमतं आणि शरीराला ते सहज मोडता येत नाही. बारीक जीव ते गोळा करतो, मासा असे हजारो जीव खातो, पक्षी असे शेकडो मासे खातो. साखळीच्या टोकावरच्याच्या पदरात सगळ्यांची उधारी. डीडीटीचं शरीरात डीडीई होतं, आणि ते पक्षिणीच्या अंडाशयाला हात न लावता कवच तयार होतं तिथं कॅल्शियमचा पुरवठा रोखतं. अंडं होतं, फळतं, पण आई उबवायला बसली की तिच्याच वजनानं फुटतं. १९७० मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या अनाकापा बेटावर तपकिरी पेलिकनांची ५५२ घरटी मोजली गेली. पिल्लू एक उडालं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ या पक्षी-अभ्यासकाला प्रश्न पडला की बहिरी ससाण्याची अंडी आधीपासूनच अशी होती की आता झाली. उत्तर सापडलं अंडी जमवायचा नाद असलेल्यांच्या जुन्या कपाटांत. १९४७ च्या आसपासपासून कवचं एकदम पातळ होत गेली होती, आणि डीडीटीचा वापर तिथं पसरला तोही त्याच सुमाराला. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं. डासांच्या फवारणीसाठी मात्र चालू राहिलं.

समुद्रातल्या शंखाची कथा तर विचित्रच. जहाजाच्या बुडाला शेवाळ-कालवं चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन, टीबीटी, असलेला रंग लावायचे. १९७० च्या सुमारास इंग्लंडच्या प्लायमथजवळ माद्या गोगलगायींना नराचं लिंग उगवलेलं आढळलं. ते वाढून अंडी बाहेर पडायची वाट बुजते आणि मादी अंडी पोटात घेऊनच मरते. लिटरला एखादा नॅनोग्रॅम टीबीटी याची सुरुवात व्हायला पुरतो. आपल्या बाजूलाही हे झालंय: गोव्याच्या मुरगाव भागातल्या क्रोनिया कोंकणेन्सिस या शंखात हाच प्रकार १९९९ मध्ये नोंदवला गेला. नावातच कोकण असलेला जीव.

घरात बघण्यासारखं उदाहरण हवं असेल तर गप्पी मासा. डेंग्यूच्या दिवसांत टाक्यांत सोडतात तो. त्याचा नर रंगीत, नारिंगी ठिपक्यांचा, मादी मळकट. प्रयोगात नर गप्पींना पुरुष-हार्मोनचे कान बंद करणारी रसायनं दिली, त्यात डीडीईही होतं, तर त्यांचा रंग उतरला, वीर्य घटलं आणि मादीपुढं नाचणं कमी झालं. गप्पीचा चुलतभाऊ गंबूशिया. फ्लोरिडातल्या एका नदीत कागद कारखान्याच्या पाण्याखाली राहणाऱ्या गंबूशियाच्या माद्यांना उलट नराचा पर फुटला होता. खोटा निरोप दोन्ही बाजूंनी येऊ शकतो.

इथं थोडं थांबून एक सावधगिरीची गोष्ट. उसाच्या, मक्याच्या तणासाठी आपण ॲट्राझिन मारतो. अमेरिकेत टायरोन हेझ यांनी २००२ मध्ये दाखवलं की अगदी थोड्या ॲट्राझिननं बेडकांच्या नरात अंडाशयाचे अंश तयार होतात. पुढं २०१० मध्ये त्यांच्या प्रयोगातल्या ४० नरांपैकी ४ चक्क अंडी घालणाऱ्या माद्या झाल्या. पण काही इतर प्रयोगशाळांना तसं दिसलं नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही. युरोपनं ॲट्राझिन काढून टाकलं ते बेडकांसाठी नाही, भूजलात उतरतं म्हणून. माझं मत विचाराल तर ओढ्याकाठच्या सरीत तरी ते मारू नये. पण ‘ॲट्राझिननं बेडूक बायका होतात’ असं बिनधास्त फिरणारं वाक्य मी पुढं पाठवत नाही.

परत गोठ्यात येऊ. तेच पाणी असताना माशावर एवढा परिणाम आणि म्हशीवर नाही, असं का? मासा पाण्यात दिवसाचे २४ तास असतो, पाणी त्याच्या कल्ल्यांतून सतत जातं, रसायन थेट रक्तात. म्हैस पाणी पिते ते पोटात जातं, तिथून यकृतात, आणि यकृत बरंचसं नकली इस्ट्रोजेन तिथंच मोडून टाकतं. शिवाय म्हैस वैरण खाते. साखळीच्या तळाशी बसल्यावर उधारी कमीच साचते. याचा अर्थ जनावर सुटलं असा नाही. स्कॉटलंडमध्ये मेंढ्या मैलापाण्याचा गाळ खत म्हणून टाकलेल्या कुरणात चरल्या. मेंढ्या व्यवस्थित दिसत होत्या, पण त्यांच्या पोटातल्या नर कोकरांचे वृषण लहान होते. गाळातलं एकेक रसायन वेगळं मोजलं तर फार नव्हतं. पुन्हा तीच बेरीज. शिसं आणि कॅडमियम यांचं खातं वेगळं, ते थेट विषारी आहेत आणि वृषणालाही सोडत नाहीत. जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या जागी जनावर चरायला सोडू नये एवढं पुरे.

आणि निसर्गही कधी कधी हाच खेळ करतो. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात हजारो मेंढ्या गाभण राहिनाशा झाल्या. कारण निघालं कुरणात पेरलेली क्लोव्हरची एक जात, तिच्यात इस्ट्रोजेनसारखं द्रव्य होतं. आपल्या लसूणघासातही तसलं द्रव्य थोडं असतं. म्हणून चांगला चारा झाला तरी एकच एक घालू नये, हे जुनी माणसं सांगतात ते बरोबरच आहे.

दूध देणाऱ्या प्राण्यांत एक वेगळा धोका आहे, पण तो साखळीच्या टोकावरच्यांना. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची मादी किलर व्हेल मेलेली सापडली. वय २० च्या पुढं, आयुष्यात एकही पिल्लू नाही. तिच्या चरबीत किलोमागं ९५७ मिलिग्रॅम पीसीबी होतं. व्हेल, डॉल्फिन यांची मादी पिल्लाला जन्म देते तेव्हा चरबीत साठलेलं पीसीबी दुधातून उतरतं, आणि सगळ्यात मोठा वाटा पहिल्या पिल्लाला मिळतो. लुलूला उतरवायला जागाच मिळाली नाही.

हे सुधारतं का? काही बाबतींत हो, आणि चांगलंच. टीबीटीच्या रंगावर जगभर बंदी २००८ मध्ये लागू झाली आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर शंख परतले. डीडीटी थांबल्यावर पेलिकन, ससाणे परतले. त्या २६० नंबरच्या तळ्यातले मासेही हार्मोन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांत पुन्हा वाढले. स्वित्झर्लंडनं २०१६ पासून निवडक मैलापाणी केंद्रांत ओझोन किंवा कोळशाच्या भुकटीचा आणखी एक टप्पा कायद्यानं घालायला लावला, असली रसायनं अडवण्यासाठीच. आपली केंद्रं मुख्यतः मैल्यातला सेंद्रिय भार कमी करायला बांधलेली, आणि आधी सगळं पाणी तिथंवर पोहोचवणं हेच काम मोठं आहे. पीसीबीचं मात्र कठीण. उत्पादन बंद होऊन दशकं झाली, तरी ते समुद्रातून जायला तयार नाही.

मामाच्या म्हशीच्या पिशवीत संसर्ग निघाला. औषध झालं, वाडं निम्म्यावर आलं, आणि चौथ्यांदा भरवल्यावर ती उलटली नाही. म्हणजे नदी या खटल्यात तरी सुटली. मी हे सगळं मामाला एका दुपारी सविस्तर सांगितलं. त्यानं सुपारी कातरत ऐकून घेतलं.

“म्हंजे म्हस सुटली, मासा आडकला,” तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसला. “आमच्या लहानपणी चढणीला वांब यायची बघ, हाताएवढी जाड. पोरगं कधी तिचं बघितलं न्हाई म्या, पण मोठी तरी दिसायची. आता मोठीबी न्हाई.”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मागं पाऊस आणि पोरांचा दंगा ऐकू येत होता.

“ओढ्याला पाणी आलंय. काळंच हाय. पण मासं चढाय लागल्यात, येतूस का बघाय?”